पोपटाला वळण लावताना आणि खेळ शिकवताना: कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत ज्यांच्या पडवीत पिंजरा टांगलेला आहे, त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. चावतो, ओरडतो, बोलत नाही, हातावर येत नाही. प्रश्न पक्ष्याबद्दलचे, पण उत्तरं बरीचशी घरातल्या माणसांबद्दलची आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

परसात येणारा हिरवा पोपट पकडून शिकवला तर चालतं का?

नाही. लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला आपला नेहमीचा पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा करण पोपट, जांभळट डोक्याचा तुईया, सह्याद्रीच्या रानातला निळ्या पंखांचा पोपट, हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं हा गुन्हा आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

“आमच्या आजोबांकडे होता की!” असेल. तेव्हा बऱ्याच गोष्टी होत्या. “पिंजऱ्यातच जन्मलेला आहे” असं विक्रेता सांगतो, त्यानेही फरक पडत नाही. निळा किंवा पिवळा रिंगनेक म्हणून जो विकतात, त्याचा रंग वेगळा असला तरी जात आपल्या हिरव्या पोपटाचीच. मी तरी त्याच्यापासून लांब राहायला सांगतो.

घरात असा पोपट आधीपासून असेल तर खिडकी उघडून सोडून देऊ नका. वर्षानुवर्षं आयतं खाल्लेल्या पक्ष्याला दाणा कुठे शोधायचा आणि शिकऱ्यापासून कसं वाचायचं हे ठाऊक नसतं. वनखात्याशी बोला.

वाळलेला माड पाडला आणि ढोलीत पोपटाची पिल्लं निघाली. आता?

वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तोवर खोक्यात सुती फडकं घालून उबदार, काळोख्या जागी ठेवा. मांजर आणि पोरं दोघांनाही लांब ठेवा. दूधभात भरवू नका, पक्ष्यांना दूध पचत नाही. चमच्याने पाणी पाजायला जाल तर ते श्वासनळीत जाऊन पिल्लू मरतं. माड आधी वाजवून, वर चढून बघितला असता तर ही वेळ आली नसती. जानेवारी ते एप्रिल हे त्यांच्या विणीचे महिने, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे साफसफाईची कामं निघतात.

मग पाळायचा कुठला?

बाहेरदेशातल्या, पिंजऱ्यात पैदास झालेल्या जाती. पहिल्यांदाच पाळत असाल तर बजी (म्हणजे बजरिगर, चिमुकला पोपट) किंवा डोक्यावर तुरा असलेला कॉकटील घ्या, दोघेही मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आपल्याकडे बरीच दुकानं बजीलाच लव्हबर्ड म्हणून विकतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला असतो, जरा जाडजूड आणि स्वभावाने बराच तिखट. बजी ३०-४० ग्रॅमचा असतो आणि पाच ते दहा वर्षं जगतो. कॉकटील साधारण ९० ग्रॅमचा, नीट सांभाळलात तर पंधरा-वीस वर्षं सोबत करतो. म्हणजे दहावीतल्या मुलीसाठी आणलेला कॉकटील तिच्या लग्नानंतरही तुमच्याच घरी असणार. सांभाळणार कोण, ते आज ठरवा.

सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे वगैरे घेण्याआधी कागदपत्रं बघा. बजी, कॉकटील आणि पीच रंगाच्या तोंडाचा लव्हबर्ड सोडले तर बहुतेक सगळे विदेशी पोपट साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात. २०२४ च्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. पिल्लं झाली, पक्षी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. विक्रेता “नंतर बघू” म्हणाला तर तिथूनच मागे फिरा.

एकटा ठेवू की जोडी?

शिकवायला एकटा सोपा, कारण त्याचा कळप म्हणजे तुम्हीच. पण हा कळप सकाळी नोकरीला जाऊन रात्री परतणार असेल तर जोडी ठेवा आणि खेळ उशिरा शिकतील हे मान्य करा. दिवसभर रिकाम्या घरात एकटा बसलेला पक्षी स्वतःची पिसं उपटायला लागतो. मग त्याला बसवून खेळ शिकवणं राहतं बाजूला.

नवा आणलाय. हात घातला की पिंजऱ्यात नुसता धडपडतो. शिकवायला कधी घेऊ?

आधी त्याला घर बघू दे. पिंजरा भिंतीला लागून ठेवा, म्हणजे एक बाजू तरी सुरक्षित वाटते. साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवा आणि अशा जागी ठेवा, जिथून घरातली वर्दळ दिसेल पण कोणी अचानक डोक्यावर येणार नाही. तुम्ही शेजारी बसा, भाजी निवडा, पेपर वाचा. त्याच्याकडे टक लावून बघू नका. समोर दोन डोळे लावून एकटक बघतो तो शिकारी, हे पोपटाला जन्मतः ठाऊक असतं.

तुम्ही बसलेले असताना तो निवांत खाऊ लागला, एक पाय पोटाशी घेऊन बसला किंवा चोच हलकेच घासू लागला, की सुरुवात करायला हरकत नाही. कोणी चार दिवसांत इथवर येतो, कोणाला महिनाही लागतो. “चार दिवस झाले, अजून हातावर येत नाही” अशी तक्रार येते तेव्हा मी विचारतो, तुमच्या घरी नवी सून आली तेव्हा चार दिवसांत ती तुमच्या ताटात जेवायला लागली होती का?

शिकवणी घरात कुठे घ्यावी? पडवीत चालेल?

पडवीत नको, ओटीवरही नको. कौलारू घरात भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यातून बजी सहज निसटतो. दार लावता येईल अशी आतली छोटी खोली बघा, शक्यतो खिडकीला डासांची जाळी असलेली. आरशावर कापड टाका.

आणि पंखा बंद. रेग्युलेटर शून्यावर नेऊन नव्हे, बटणच बंद. त्यावर हवी तर कागदाची पट्टी चिकटवा. मे महिन्याच्या उकाड्यात कोणीतरी आत येतं, सवयीने बटण दाबतं आणि मग पुढे शिकवायला कोणी उरत नाही.

स्वयंपाकघरात ठेवला तर आमच्याबरोबर राहील ना?

राहील, पण फार दिवस नाही. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या लेपातून जो वायू निघतो, त्याने पक्षी काही मिनिटांत मरतो, आणि आपल्याला वाससुद्धा येत नाही. घरात पोपट असेल तर घावणे-आंबोळ्या बिडाच्या तव्यावर करा, तशाही त्या तिथेच चांगल्या होतात. मासे तळतानाचा धूर, डासांची कॉइल, धूप, उदबत्ती यांपासूनही पिंजरा लांब ठेवा. पक्ष्याची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा खेचतात, म्हणून विषही जास्त खेचतात.

बक्षीस म्हणून काय द्यावं?

तुमचा पक्षी सगळ्यात आधी काय उचलतो ते बघा. वाटीत चार-पाच प्रकार ठेवले की दोन-तीन दिवसांत कळतं. जे सगळ्यात आवडतं ते रोजच्या वाटीतून काढा आणि फक्त शिकवताना द्या. बजीला राळ्याचे दाणे बहुधा आवडतात, अख्खं कणीस मिळालं तर उत्तमच. कॉकटीलला सोललेल्या सूर्यफुलाच्या बीचा अर्धा तुकडा पुरे. घास इतका छोटा हवा की दोन-तीन सेकंदांत संपेल. अख्खा शेंगदाणा दिलात तर तो खाईपर्यंत आपण काय केलं होतं हेच पक्षी विसरतो.

रोजचं खाणं मात्र वेगळं. नुसत्या दाण्यांवर पोपट वाढत नाही, जाड होतो आणि अ जीवनसत्त्व कमी पडून आजारी पडतो. लाल माठ, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, भिजवलेली नाचणी, पेरू, बी काढलेलं जांभूळ, सगळं आपल्या अंगणात किंवा बाजारात आहे. मिरचीही चालते. तिचा तिखटपणा आपल्याला जसा झोंबतो तसा पक्ष्यांना जाणवतच नाही. ओलं खोबरं चालतं, पण अगदी चिमूटभर, कारण त्यात तेल फार. आंबा सालीचा चीक धुऊन गराची फोड म्हणून द्या. काजूची कच्ची बी मुळीच नको, तिच्या टरफलातलं तेल आपली कातडी भाजतं तर त्याच्या जिभेचं काय होईल! ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारवलेलं काहीही बंद. पाहुण्यांनी कौतुकाने पुढे केलेली फरसाणाची शेव यात पहिली येते.

उपाशी ठेवलं की लवकर शिकतो, असं एकाने सांगितलं. खरं का?

लवकर मरतो हे खरं. एवढ्याशा जिवाकडे साठा नसतो. शिकवणी सकाळच्या खाण्याआधी घ्या, रात्रभराची भूक तेवढ्याला पुरते. घरात ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवा आणि सकाळी पहिली शी झाल्यावर रोज वजन लिहा. नेहमीच्या वजनात दहावा हिस्सा घट झाली तर शिकवणी थांबवून डॉक्टर गाठायचा. काट्यावर बसणं हाच पहिला खेळ म्हणून शिकवला तर दोन्ही कामं होतात.

क्लिकर, म्हणजे शिकवताना वापरतात ती दाबली की ‘टिक’ वाजणारी छोटी डबी, घ्यायलाच हवी का?

नको. खटका असलेलं बॉलपेन पुरतं, जिभेने काढलेला ‘टॉक’ आवाजही चालतो. मुद्दा आवाजाचा नसून वेळेचा आहे. पक्ष्याने बरोबर हालचाल केली त्या क्षणी खटका वाजतो आणि लगेच दाणा मिळतो. खटका म्हणजे “हेच, आत्ता केलंस ते” अशी पोच. दाणा हातात येईपर्यंत दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात पक्ष्याने मान वळवलेली असते, मग त्याला वाटतं मान वळवल्याबद्दल मिळाला. अमेरिकेत केलर आणि मेरियन ब्रेलँड या जोडप्याने १९४० च्या दशकात प्राण्यांसाठी ही रीत वापरात आणली. ते दोघं बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे विद्यार्थी.

सुरुवातीला काहीच न करवून घेता नुसता खटका आणि दाणा, खटका आणि दाणा. खटका ऐकून पक्षी दाण्याकडे वळू लागला की त्याला कळलं. मग एक नियम पाळा. खटका चुकून वाजला तरी दाणा द्यायचाच.

पहिलं काय शिकवायचं?

काडीला चोच लावणं. कोकणात काड्यांना तोटा नाही. बांबूची किंवा खराट्याची जाडसर काडी घ्या, टोक घासून गुळगुळीत करा, रंग लावू नका. पिंजऱ्याच्या गजांबाहेरून काडी दाखवा. नुसतं वळून बघितलं तरी खटका-दाणा. मग एक पाऊल जवळ आला तर. मग चोच टेकवली तर. हे एकदा बसलं की काडी जिथे न्याल तिथे पक्षी येतो, आणि पुढचे निम्मे खेळ यातूनच निघतात.

हातावर घेणंही असंच. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवा, बोट दांडीसारखं आडवं धरा आणि काडी बोटाच्या पलीकडे. चोच पोचवायला एक पाय बोटावर टेकावा लागतो. तेवढ्यालाच खटका. दुसरा पाय दुसऱ्या दिवशी आला तरी चालेल. छातीवर बोट दाबून जबरदस्तीने चढवण्याची जुनी पद्धत आहे, तिने पक्षी चढतो खरा, पण पुढे बोट दिसलं की पळतो.

हालचाल पक्की झाल्यावरच तिला शब्द जोडा. आणि शब्द घरात एकच ठरवा. आजी “ये रे बाबा”, मुलगा “अप”, वहिनी “चल चल” असं तिघं तीन म्हणणार असतील तर पक्ष्याने कोणाचं ऐकायचं? मालवणी घर असेल तर “येवा” झकास, छोटा आणि इतर बोलण्यात न हरवणारा.

एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. तो कंटाळण्याआधी तुम्ही थांबा.

चावतो. काय करू?

आधी बघा खरंच चावतो की चाचपतो. पोपटाला हात नाहीत, चोच आणि जीभ हेच त्याचे हात. बोटावर चढताना आधी चोच टेकवून दांडी घट्ट आहे का हे तो तपासतो. तेवढ्यात घाबरून हात मागे घेतला तर ही दांडी हलते असं शिकतो आणि पुढच्या वेळी घट्ट पकडतो.

खरं चावणं सहसा न सांगता होत नाही. कॉकटील तुरा डोक्याला सपाट चिकटवतो आणि फुत्कारतो. मोठ्या पोपटांच्या डोळ्याची बाहुली भराभर लहान-मोठी होते. शेपूट पसरते, पिसं अंगाला आवळली जातात, मान मागे जाते. हे दिसलं की तिथेच थांबा, हात हळूच मागे घ्या, पुढच्या वेळी इतक्या जवळ जाऊ नका. “मग तो शिरजोर होईल” असं लोक म्हणतात. मला उलट वाटतं. ज्याच्या इशाऱ्याला कोणी जुमानत नाही तो इशारा देणंच सोडतो आणि थेट चावतो. “माझा पोपट अचानक चावतो” या तक्रारीमागे बहुतेक वेळा असंच दुर्लक्ष असतं.

चावलाच तर ओरडू नका, तोंडावर फुंकर नको, चोचीवर टिचकी नको. तुमचं “आई गं!” ही त्याच्यासाठी करमणूक आहे. शांतपणे दांडीवर उतरवा, पाठ फिरवा, अर्धा मिनिट काही बोलू नका. मग बसून आठवा, चावण्याआधी नेमकं काय घडलं होतं. वाटीला हात लावला होता? झोपेची वेळ होती? नवी ओढणी होती?

लव्हबर्डची मादी घरट्याच्या विचारात असेल तर हात घालूच नका. तेव्हा खोकी, खण, कपाटाचा कोपरा अशा काळोख्या जागा बंद करा, पाठीवरून हात फिरवू नका, रात्रीचा काळोख दहा-बारा तासांचा करा. काही आठवड्यांत निवळते.

सकाळ-संध्याकाळ नुसता किंचाळतो. शेजारी बोलायला लागले.

उजाडताना आणि मावळताना थोडा वेळ आरडाओरडा होणारच. रानातले पोपट ऐकलेत ना तिन्हीसांजेला, रात्रीच्या झाडावर उतरताना? ते बंद करता येत नाही, करूही नये.

दिवसभराचं किंचाळणं मात्र शिकवलेलं असतं, आणि शिकवणारे आपणच. तो किंचाळतो, आजी माजघरातून “गप रे मेल्या!” म्हणत येते आणि गप्प बसावा म्हणून शेंगदाणा देते. आजीच्या मते तिने त्याला गप्प केलं. त्याच्या मते त्याने आजीला बोलावलं. दोघंही खूश, शेजारी तेवढे बेजार.

उपाय सांगायला सोपा आहे. किंचाळण्याला उत्तर नाही, ना दाणा, ना नजर, ना शिवी. त्याने शीळ घातली, चिवचिवला, एखादा शब्द बोलला की लगेच उत्तर द्या आणि जवळ जा. तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की अधूनमधून शीळ घालून “मी इथे आहे” कळवा. कळपातले पक्षी एकमेकांना हेच करत असतात. तो तुमची शीळ परत घालू लागला की निम्मं काम झालं.

पण पहिले काही दिवस किंचाळणं वाढेल. आजवर चालणारी युक्ती चालेना म्हटल्यावर तो जोर लावून बघणारच. याच दिवसांत घरातल्या एकाने जरी हार मानून शेंगदाणा दिला तर जास्त वेळ ओरडलं की मिळतं, असा धडा पक्का होतो आणि तो मोडायला फार त्रास पडतो. म्हणून आधी घरातल्या सगळ्यांना, विशेषतः ज्येष्ठांना, बाजूला बसवून समजवा.

अंगावर पाणी उडवणं, पिंजऱ्यावर काळा कपडा टाकणं, ओरडणं?

नाही, नाही आणि नाही. पाण्याने घाबरवलंत तर तो अंघोळीलाच घाबरेल, आणि कपडा झोपेसाठी आहे, शिक्षेसाठी नाही.

बोलायला कसा शिकवू? मिरची खाल्ली की लवकर बोलतो म्हणतात.

मिरचीचा बोलण्याशी संबंध नाही. जिभेखाली काहीतरी कापण्याचा अघोरी प्रकार कोणी सुचवला तर त्याला घरात घेऊ नका. पक्ष्याचा आवाज जिभेतून निघत नाही, छातीत श्वासनळी जिथे दुभंगते तिथल्या स्वरयंत्रातून निघतो.

बजीमध्ये नर जास्त बोलतो. मोठ्या नराच्या चोचीवरची मऊ त्वचा साधारणपणे निळी असते, मादीची तपकिरी. पक नावाच्या अमेरिकेतल्या एका बजीची १,७२८ शब्दांची नोंद गिनीज बुकात आहे, तेव्हा आकारावर जाऊ नका. फक्त बजी इतका भरभर बोलतो की कान लावल्याशिवाय कळत नाही. कॉकटीलचा नर शब्दांपेक्षा शिट्टीत पटाईत. लव्हबर्डकडून अपेक्षाच ठेवू नका.

शब्द प्रसंगाला बांधा. मोबाइलवर तोच तोच आवाज तासभर लावून ठेवण्यापेक्षा रोज पिंजऱ्यावरचा कपडा काढताना “उठलंस काय?” आणि बाहेरून आल्यावर “इलंस?” हे जास्त लवकर बसतं. आवाजात उत्साह हवा. अमेरिकेतल्या संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी ॲलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रे पोपटाला १९७७ पासून २००७ पर्यंत शिकवलं. त्यांची रीत घरी सहज करता येते. दोन माणसं पक्ष्यासमोर बसतात. एक वस्तू दाखवून विचारतो, दुसरा नाव सांगतो आणि ती वस्तूच बक्षीस म्हणून मिळवतो. चुकला तर वस्तू मिळत नाही. मग भूमिका बदलतात. पक्षी हे बघत असतो आणि आपल्यालाही हवं म्हणून मध्ये पडतो. ॲलेक्स अशा रीतीने पन्नासेक वस्तूंची नावं, सात रंग आणि सहापर्यंतचे आकडे शिकला. तुमच्या घरी भाऊ-बहीण “काय हे?” “पेरू!” असं रोज पाच मिनिटं खेळले तरी पुष्कळ.

शिव्या मात्र एकदाच ऐकून बसतात. त्या आपण जीव ओतून देतो ना.

खेळ कोणते जमतील?

गिरकी सोपी. काडी चोचीसमोर धरून हळूहळू गोल फिरवा. पहिल्यांदा पाव गिरकीला खटका, मग अर्धी, मग पूर्ण. नंतर काडी बाजूला ठेवून नुसतं बोट फिरवा.

घंटा वाजवणं त्याच्याही आधी जमतं. देवघरातली नको, खेळण्यातली हलकी घंटा घ्या. तिला चोच लावली की खटका. मग वाजली तरच खटका.

नमस्कार, म्हणजे पाय वर करून हलवणं. जो पक्षी बोटावर येतो त्याच्यासमोर बोट नेहमीपेक्षा जरा लांब धरा. तो पाय उचलतो, पण बोट पोचत नाही. पाय हवेत असतानाच खटका. बोट हळूहळू आणखी लांब न्या आणि शेवटी नुसता हात हलवा. पाहुण्यांना हाच खेळ सगळ्यात आवडतो, कष्ट मात्र गिरकीएवढेच.

वस्तू वाटीत टाकणं जरा वरच्या इयत्तेचं, पण इथेच मजा येते. नाणं वापरू नका, मळकं असतं आणि धातू चघळणं बरं नाही. कॉकटीलला लाकडी चकती द्या, बजीला आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा. हा खेळ शेवटाकडून शिकवायचा. तो वस्तू उचलून चघळतो आणि कधीतरी टाकून देतो, हे त्याचं ठरलेलं. तेव्हा स्टीलची वाटी बरोबर चोचीखाली धरा. टण् आवाज झाला की दाणा. लवकरच त्याला कळतं की वस्तू खाली पडली तर काही नाही, टण् झालं तर दाणा. मग वाटी एक बोट बाजूला सरकवा, मग दोन बोटं. एक दिवस तो वस्तू तोंडात धरून स्वतः वाटीकडे चालत जातो. ते चालणं बघण्यासाठी एवढा खटाटोप करावा असं मला वाटतं. यातूनच पुढे खुंटीत कडी अडकवणं, रंगाप्रमाणे चकत्या वेगळ्या करणं वगैरे जमतं.

पीच रंगाच्या तोंडाचा लव्हबर्ड असेल तर त्याला कागद द्या. मादी कागदाच्या सरळ पट्ट्या कातरते आणि शेपटीजवळच्या पिसांत खोचून नेते. हा खेळ तिला कोणी शिकवलेला नसतो.

जत्रेत पोपट पिंजऱ्यातून येऊन भविष्याचं पाकीट काढतो. ते कसं शिकवतात?

वर सांगितलं तसंच. चोचीने कागद ओढला की दाणा. मालकाने बोट आपटलं किंवा हात पुढे केला की थांबायचं, दाणा घ्यायचा आणि आत जायचं. पक्ष्याला तुमच्या राशीचं काही पडलेलं नसतं. त्या पिंजऱ्यात बहुतेक वेळा आपला हिरवा पोपटच असतो आणि तो ठेवणं बेकायदा आहे, हे पाकिटात लिहिलेलं नसतं.

पंख कापून घ्यावेत का?

मी कापत नाही. उडणारा पक्षी तंदुरुस्त राहतो, घाबरला तर लांब जाऊ शकतो म्हणून चावतही कमी. सताड उघडी दारं, अंगणात कुत्रा, घरात लहान मुलं अशी परिस्थिती असेल आणि डॉक्टरांनी सुचवलं तर त्यांच्याकडूनच करून घ्या. घरच्या कात्रीने रक्ताचं पीस, म्हणजे नवं वाढणारं, आत रक्त असलेलं पीस, कापलं गेलं तर रक्त थांबता थांबत नाही. पायात साखळी मात्र कधीच नको. दचकून झेप घेतली की पाय मोडतो.

शी ठरावीक जागी करायला शिकेल?

बऱ्यापैकी. बजी दर पंधरा-वीस मिनिटांनी करतो, त्याचा नाद सोडा. कॉकटील पिंजऱ्यातून बाहेर काढण्याआधी दांडीवर थांबवा, शी झाली की खटका आणि मगच बाहेर. जुना शर्ट घाला.

पावसाळ्यात शिकवणी मंदावते. का?

अंधारलेले दिवस, दमट हवा, त्यात पिसं झडण्याचे दिवस आले की पक्षी चिडचिडा होतो. नवं काही घेऊ नका, जुनं उजळा.

दाण्यांकडे मात्र जास्त लक्ष हवं. आपण जशी मे महिन्यात बेगमी करतो तसे त्याचे दाणेही कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं विष यकृत खातं. कुबट वास आला तर डबाच्या डबा फेका, निवडत बसू नका. कापलेलं फळ दोन तासांत पिंजऱ्यातून काढा.

कॉकटील रात्री अचानक दचकून पिंजऱ्यात थडाथड आपटतो, विशेषतः विजा कडाडताना. खोलीत मंद दिवा ठेवा, आणि वीज जाणारच, म्हणून बॅटरीवरचा ठेवा. याच दिवसांत उंदरामागून साप घरात येतात. सापाचं डोकं न शिरेल इतक्या जवळच्या गजांचा पिंजरा हवा आणि रात्री तो पडवीतून आत आला पाहिजे.

खाऱ्या हवेने पिंजरा गंजतो. रंग मारू?

नको. जस्ताचा मुलामा दिलेली तार खाऱ्या हवेत सुटते, पोपट ती चावत बसतो आणि जस्त पोटात जातं. रंगाचंही तेच. किनाऱ्याजवळ राहत असाल तर थोडे जास्त पैसे घालून स्टेनलेस स्टीलचा घ्या. दांड्या पेरूच्या किंवा जांभळाच्या फांद्यांच्या, वेगवेगळ्या जाडीच्या. कण्हेर, रुई आणि चिकाची झाडं टाळा.

समुद्राने एक गोष्ट फुकट दिलेली आहे. किनाऱ्यावर पांढरा, हलका समुद्रफेस सापडतो, तो माकुलासारख्याच एका प्राण्याच्या पाठीतला कवचाचा भाग. दुकानात हाच पैसे देऊन मिळतो. रोज पाणी बदलत काही दिवस गोड्या पाण्यात भिजवा, मीठ निघालं की उन्हात खडखडीत वाळवा आणि पिंजऱ्याला अडकवा. चोच घासायला आणि कॅल्शियमला उत्तम.

गणपतीत घर भरलेलं असतं. तेव्हा काय?

झांजांची तयारी श्रावणातच करा. तो खात असताना मोबाइलवर आरती अगदी बारीक आवाजात लावा, रोज किंचित वाढवा. तो खायचा थांबला तर आवाज कमी. असं केलेला पक्षी आरतीला मान डोलवत बसतो. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हाचे ढोल मात्र कुठल्याच तयारीच्या पलीकडचे. त्या वेळी पिंजरा आतल्या खोलीत न्या आणि ओळखीचं माणूस जवळ बसवा.

मुंबईहून आलेली पोरं पिंजऱ्याभोवती गराडा घालणारच. त्यांना एकेक करून बोलवा, काडी हातात द्या आणि गिरकी करून घ्यायला शिकवा. पोरांना काम मिळतं, पक्ष्याला दाणा. तो तोंड फिरवून बसला तर “आत्ता त्याला नको आहे” एवढं सांगून पुढच्या पोराला परत पाठवा.

आजारी आहे हे कसं ओळखावं?

पोपट आजार लपवतो. फुगून बसणं, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, शीचा रंग बदलणं, येणारा खेळ अचानक सोडणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पक्ष्यांचे जाणकार डॉक्टर तालुक्यात मिळतीलच असं नाही, म्हणून गरज पडण्याआधीच चौकशी करून क्रमांक लिहून ठेवा. पोपटापासून माणसालाही एक ताप होतो, सिटॅकोसिस. तोंडातून तोंडात दाणा भरवण्याचं कौतुक बंद करा, आणि घरात कोणाला ताप-खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना पक्षी आहे हे सांगा.

उडून गेला तर?

पाठलाग करू नका. तो कुठल्या झाडावर बसला ते एकाने नजर न हटवता बघावं. त्याचा पिंजरा, आवडते दाणे आणि सोबतीचा पक्षी असेल तर तोही मोकळ्यावर दिसेल असा ठेवा. रोजची शीळ घाला. पाळीव पक्ष्याला वर उडता येतं, माडाच्या शेंड्यावरून खाली उतरता येत नाही. त्यामुळे तो तिथेच बसून ओरडतो आणि आपल्याला वाटतं ऐकत नाहीये. जवळच्या माडीवरून, त्याच्या उंचीवरून बोलवा. कावळे मागे लागले असतील तर त्यांना हाकला. काळोख पडला तर जागा लक्षात ठेवून पहाटे उजाडायच्या आत तिथे हजर व्हा, भूक लागलेली असते.

खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिट्टीवर येणं रोज करून घेतलेलं असेल तर परत मिळण्याची आशा बरीच जास्त. म्हणून खेळांच्या यादीत हे काडीनंतर लगेच घ्या, गिरकी मागाहून.

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा जत्रेत पैसे घेऊन खेळ दाखवता येतील?

लोकांसमोर तिकीट लावून प्राण्यांचे खेळ करायचे तर २००१ च्या नियमांनुसार भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती नसेल तर घरच्यांना दाखवा. तसंही मंडपातल्या लाउडस्पीकरसमोर कॉकटील गिरकी घेईल अशी आशा धरू नका. पहिला तुरा खाली जाईल आणि मग तुम्ही त्याला मंडपाच्या कनातीवरून उतरवत बसाल.